निओशो: चुकीच्या पत्त्यावर शोधलेलं जहाज

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)



पॅसिफिकमधल्या लढायांवरचे भाग ऐकून एका श्रोत्यानं एक प्रश्न पाठवला होता. प्रश्न साधा होता: "ही एवढी मोठाली जहाजं महिना महिना समुद्रात असतात, मग त्यांना तेल कोण देतं?"

खरं सांगते, मला थोडी लाज वाटली. आपण विमानवाहू नौकांवर बोललो, विमानांवर बोललो, अॅडमिरल लोकांवर तर तासन् तास बोललो. पण तेल कुठून येतं, हे एकदाही बोललो नाही. म्हणजे लग्नाचं वर्णन करायचं आणि स्वयंपाक कोणी केला ते विसरायचं, तसं झालं. म्हणून आजचा भाग एका तेलवाहू जहाजाचा. नाव निओशो. अमेरिकी नौदलाचं सहायक जहाज. सहायक म्हणजे लढायला नव्हे, लढणाऱ्यांना लागेल ते पुरवायला बांधलेलं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते, इतिहास हा नाद आहे. त्यामुळे ही गोष्ट वाचताना माझं लक्ष बॉम्बपेक्षा निरोपांकडे जास्त गेलं. कोणी काय पाहिलं, काय कळवलं, आणि ऐकणाऱ्यानं काय समजून घेतलं. निओशोच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत असे चार निरोप आहेत. चारही चुकले. आज त्या चार निरोपांच्या वाटेनं जाऊ.

आधी तेलाचं गणित

पॅसिफिक महासागराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. कॅलिफोर्नियाहून हवाईला जायचं तर दोन हजार नॉटिकल मैलांहून जास्त अंतर. हवाईहून ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जायचं तर त्याच्या दुप्पट. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वाटेत पेट्रोल पंप नाही. विनाशिका, म्हणजे वेगानं पळणारी छोटी लढाऊ जहाजं, जोरात पळवली तर काही दिवसांत टाकी तळाला येते. मग करायचं काय? तेलाचं जहाज सोबत न्यायचं, दोन जहाजं शेजारी शेजारी चालत ठेवायची, मध्ये रबरी नळ्या लावायच्या आणि चालता चालताच तेल द्यायचं. दोन्ही जहाजांनी वेग आणि दिशा सारखी ठेवायची. जरा इकडे तिकडे झालं की नळी तुटते, नाहीतर जहाजंच एकमेकांवर आदळतात.

या कामाला जुने, संथ टँकर उपयोगाचे नव्हते. ताफा पुढे जाणार आणि तेलवाला मागे राहणार! म्हणून १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेनं वेगवान टँकरांचा एक वर्ग बांधायला घेतला, सिमरॉन वर्ग. निओशो त्यातलंच. न्यू जर्सीतल्या कर्नी इथल्या गोदीत बांधलं, एप्रिल १९३९ मध्ये पाण्यात उतरलं आणि ७ ऑगस्ट १९३९ ला नौदलात दाखल झालं. नाव एका नदीचं. कॅन्ससमधून ओक्लाहोमात वाहणारी निओशो नदी. अमेरिकी नौदलात तेलवाहू जहाजांना नद्यांची नावं द्यायची पद्धत होती, आणि मला ती फार आवडली. नदीसारखंच काम की. दुसऱ्याकडे वाहून न्यायचं.

लांबी साधारण १६८ मीटर, वेग १८ नॉट, आणि पोटात सुमारे दीड लाख बॅरल तेल मावेल एवढी जागा. खलाशी सुमारे तीनशे. ही १६८ मीटर लांबी आणि सपाट डेक लक्षात ठेवा. पुढे हाच आकार अंगाशी येणार आहे.

७ डिसेंबरची सकाळ

युद्ध सुरू होण्याआधी निओशोचं काम होतं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पर्ल हार्बरला विमानांचं पेट्रोल नेणं. अशीच एक फेरी ६ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरला पोहोचली. फोर्ड बेटावरच्या नौदलाच्या विमानतळाला पेट्रोल द्यायचं होतं. आणि धक्का कुठला मिळाला? ज्या रांगेत मोठ्या युद्धनौका उभ्या होत्या त्याच रांगेत. एका बाजूला कॅलिफोर्निया, दुसऱ्या बाजूला मेरिलँड आणि ओक्लाहोमा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जपानी विमानं आली. ओक्लाहोमा उलटी झाली, अॅरिझोना फुटली. आणि या सगळ्याच्या मध्ये पेट्रोलचं जहाज. आता कोणी म्हणेल, माल तर उतरवून झाला होता. पण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, हे कुठल्याही वेल्डिंगवाल्याला विचारा. पेट्रोलची वाफ हवेत मिसळली की ठिणगी पुरते.

कप्तान होते कमांडर जॉन फिलिप्स. त्यांनी ठरवलं, इथून निघायचं. टगबोटीची वाट बघायला वेळ नव्हता. खलाशांनी दोरखंड कुऱ्हाडींनी तोडले. पावणेनऊच्या सुमाराला निओशो मागे सरकत, उलट्या पडलेल्या ओक्लाहोमाच्या बाजूनं, आपल्या तोफा चालवत बाहेर पडलं. तीन खलाशी जखमी झाले, जहाज मात्र सुखरूप राहिलं. शिवाय मेरिलँडची वाट मोकळी झाली. या कामगिरीबद्दल फिलिप्स यांना नेव्ही क्रॉस मिळाला. त्या सकाळच्या हजार गोष्टींत ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, कारण यात काही फुटलं नाही. जे घडलं नाही त्याचा फोटो कसा काढणार?

पुढचे पाच महिने निओशो तेच करत राहिलं. कधी विमानवाहू नौकांबरोबर, कधी एकटं. तेल घ्या, तेल द्या, परत जा.

पहिला निरोप: "विमानवाहू नौका दिसली"

आता मे १९४२. जपानला न्यू गिनीतलं पोर्ट मोर्सबी घ्यायचं होतं. अडवायला अमेरिकेच्या दोन विमानवाहू नौका कोरल समुद्रात होत्या, यॉर्कटाउन आणि लेक्सिंग्टन. नेतृत्व रिअर अॅडमिरल फ्रँक जॅक फ्लेचर यांचं. ६ मेला निओशोनं यॉर्कटाउनला आणि अॅस्टोरिया या क्रूझरला तेल दिलं. लढाई जवळ आली होती. म्हणून फ्लेचरनी निओशोला सिम्स या विनाशिकेच्या सोबतीनं दक्षिणेला पाठवून दिलं. तिकडे सुरक्षित राहील म्हणून.

७ मेच्या सकाळी जपानी टेहळणी विमानांना दक्षिणेला दोन जहाजं दिसली. शोकाकू नावाच्या विमानवाहू नौकेवरून निघालेली ही विमानं. वरून दिसलं काय? एक लांब, सपाट जहाज आणि जवळ एक छोटं. निरोप गेला: विमानवाहू नौका सापडली, सोबत क्रूझर आणि विनाशिका. थोड्या वेळानं दुसऱ्या एका विमानानं तेच सांगितलं.

इथे थांबा क्षणभर. दुसऱ्यानं दुजोरा दिला, म्हणजे खात्री झाली, असं आपण धरतो. पण दुसरा वैमानिक काय शोधत होता? विमानवाहू नौकाच. सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र. लांब सपाट काही दिसलं की डोळा तेच वाचणार. आमच्याकडे कोड दुसऱ्यानं तपासायची पद्धत असते. पण तपासणाऱ्याला आधीच सांगितलं की "हे बरोबर आहे, फक्त एकदा बघ", तर तो बघतो आणि "बरोबर" म्हणतो. मी स्वतः असं कितीदा म्हटलंय.

जपानी अॅडमिरलांनी शोकाकू आणि झुइकाकू या दोन्ही नौकांवरून मिळून ७८ विमानं सोडली. १८ लढाऊ, ३६ डाइव्ह बॉम्बर आणि २४ टॉर्पेडो विमानं. एका तेलाच्या टँकरवर आणि त्याच्या राखणदारावर!

दुसरा निरोप: तशीच चूक, पण नशीब वेगळं

आता गंमत बघा, खरं तर गंमत म्हणवत नाही. त्याच सकाळी अमेरिकेच्या बाजूला जवळजवळ हीच चूक घडत होती. यॉर्कटाउनच्या एका टेहळणी वैमानिकाला उत्तरेला काही जपानी जहाजं दिसली. विमानवाहू नौका त्यात नव्हतीच. पण निरोप सांकेतिक भाषेत बदलताना घोळ झाला आणि फ्लेचरना मिळालं: दोन विमानवाहू नौका आणि चार जड क्रूझर. फ्लेचरनी ९३ विमानं सोडली. तो वैमानिक परत येऊन उतरला तेव्हा घोळ कळला. तोवर विमानं निघून गेली होती.

म्हणजे दोन्ही सेनापतींनी त्याच सकाळी आपली जवळजवळ सगळी ताकद चुकीच्या माहितीवर खर्ची टाकली. फरक एवढाच की अमेरिकी विमानांना त्या भागात खरोखरच एक छोटी जपानी विमानवाहू नौका सापडली, शोहो. जमिनीवरून उडालेल्या बॉम्बर विमानांनी तिची खबर दिली होती, तिकडे ती वळली आणि शोहो बुडाली. अमेरिकेत जल्लोष झाला. जपानी विमानांना मात्र निओशोच मिळालं.

आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. फ्लेचरची मूठ त्या दिवशी झाकलेली राहिली. चूक तीच, पण निकाल चांगला लागला म्हणून तिच्यावर फार कोणी बोललं नाही.

हल्ला

जपानी विमानं सकाळी नऊच्या पुढे निओशोवर पोहोचली. बघतात तर विमानवाहू नौका कुठेच नाही. जवळपास दोन तास त्यांनी आजूबाजूला शोध घेतला. शेवटी टेहळणी विमानांनी कबूल केलं की ओळखण्यात चूक झाली. टॉर्पेडो विमानं आणि लढाऊ विमानं परत फिरली. पण ३६ डाइव्ह बॉम्बरना सांगितलं गेलं, आलाच आहात तर यांना बुडवा.

चार विमानं सिम्सवर गेली. तीन बॉम्ब लागले, बोटीचे दोन तुकडे झाले आणि ती बघता बघता बुडाली. तिच्यावरची पंधराच्या आसपास माणसं एका फुटक्या बोटीतून निओशोपर्यंत पोहोचली. बाकीचे सगळे गेले.

उरलेली बत्तीस निओशोवर. सात बॉम्ब थेट लागले. तोफांनी टिपलेलं एक जपानी विमान जळत येऊन डेकवरच कोसळलं. इंजिन बंद, वीज बंद, जहाज एका बाजूला कललेलं.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. ऑस्कर पीटरसन. चीफ वॉटरटेंडर, म्हणजे बॉयलर आणि वाफ सांभाळणाऱ्या विभागातला मुरलेला माणूस. १९२० पासून नौदलात, वय ४२. दुरुस्तीच्या एका तुकडीचा तो प्रमुख होता. स्फोटात त्याच्या तुकडीतले सगळे जखमी झाले, तोही. वाफेच्या मुख्य नळाचे व्हॉल्व्ह उघडे होते आणि ते बंद करणं भाग होतं. मदतीला कोणी नव्हतं. तो एकटा त्या वाफेत गेला आणि व्हॉल्व्ह बंद केले. वाफेनं भाजतं म्हणजे काय, ते ज्यांचं कुकरच्या शिट्टीवर बोट भाजलंय त्यांना थोडंसं कळेल. इथे तर बॉयलरची वाफ होती. सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांत पीटरसन वारला.

त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं, अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. ते त्याच्या पत्नीला टपालानं पाठवण्यात आलं. समारंभ नाही, काही नाही. रीतसर समारंभ करून त्याच्या मुलाच्या हाती सन्मान द्यायला २०१० साल उजाडावं लागलं. तोपर्यंत तो मुलगा म्हातारा झाला होता.

तिसरा निरोप: "तयारी ठेवा"

जहाज बुडेल असं वाटत होतं. फिलिप्स यांनी हुकूम दिला: जहाज सोडण्याची तयारी करा आणि थांबा.

धुरात, आगीत, किंचाळ्यांत हा हुकूम पुढे पुढे जात राहिला. वीज नव्हती. तोंडातोंडी पोहोचला. आणि पोहोचता पोहोचता "तयारी करा आणि थांबा" यातलं थांबा गळून पडलं. काहींनी ऐकलं, "जहाज सोडा". काहींनी बाकीचे उड्या मारताना बघितलं आणि आपणही उडी मारली. तराफे पाण्यात गेले, माणसं त्यांना लटकली. समुद्राला लाटा होत्या. जहाज आणि तराफे हळूहळू एकमेकांपासून दूर जायला लागले. जहाजावरच्या बोटींनी काहींना परत आणलं. पण अंधार पडला आणि बाकीचे दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा दीडशेहून जास्त माणसं बेपत्ता होती.

मला हे वाचताना माझी एक रात्र आठवली. तुलना करत नाही, करूच नये, आमच्याकडे कोणाचा जीव जात नव्हता. पण ती रात्र आठवली खरी. रात्री दीडला कॉलवर आम्ही चौघं होतो, नवीन व्हर्जन टाकलं होतं आणि ते बिनसायला लागलं होतं. मी एका नवख्या सहकाऱ्याला म्हणाले, "रोलबॅकची तयारी ठेव, मी सांगते." त्याचं नेटवर्क तुटक होतं. त्यानं ऐकलं, "रोलबॅक." आणि केलं. दीड तासाच्या ऑर्डर आम्हाला सकाळपर्यंत हातानं परत भराव्या लागल्या. त्याच्यावर सगळे चिडले. मी पण. घरी आल्यावर कळलं की हुकूम ज्या वाक्यात आहे त्याच वाक्यात "अजून नको" घालायचं, ही माझी चूक होती. तेव्हापासून आम्ही "रोलबॅक" हा शब्द फक्त करायचा असेल तेव्हाच उच्चारतो. तयारीला वेगळाच शब्द आहे.

फिलिप्स यांच्याकडे ती चैन नव्हती. आणि पाण्यात उडी मारणाऱ्यांनाही दोष देववत नाही. पायाखालचं जहाज पेटलंय, बाजूची सिम्स तुमच्या डोळ्यांदेखत बुडालीय. अशा वेळी "थांबा" हा शब्द कानाला ऐकूच येत नसेल.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढे आहे. जहाज बुडलंच नाही.

चौथा निरोप: पत्ता

बुडलं का नाही? कारण ते टँकर होतं. तेल देऊन झालं होतं, काही टाक्या रिकाम्या होत्या. त्या टाक्यांतल्या हवेनं जहाजाला धरून ठेवलं. सात बॉम्ब खाऊन, एका बाजूला कलून, निओशो तरंगत राहिलं. एक दिवस. दोन दिवस. तीन. चार.

मग सुटकेला कोणी का आलं नाही? आलं होतं.

वीज जाण्याआधी निओशोवरून संदेश गेला होता की आमच्यावर हल्ला झालाय, आम्ही संकटात आहोत. सोबत आपली जागा कळवली होती: १६ अंश २५ मिनिटं दक्षिण, १५७ अंश ३१ मिनिटं पूर्व. प्रत्यक्षात जहाज होतं १६ अंश ९ मिनिटं दक्षिण, १५८ अंश ३ मिनिटं पूर्व या ठिकाणाजवळ.

आता आकडेमोड करू, ही माझी हौस. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल. उत्तर-दक्षिण फरक १६ मैल. पूर्व-पश्चिम ३२ मिनिटं. विषुववृत्तापासून दूर असल्यामुळे ते थोडे कमी भरतात, साधारण ३१ मैल. पायथागोरस लावा, ३५ नॉटिकल मैल. म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर. पुण्याहून लोणावळ्याइतकं.

नकाशावर बोटाच्या नखाएवढं अंतर. पण विनाशिकेच्या उंच टेहळणीच्या जागेवरूनही एवढ्या लांबचं दुसरं जहाज दिसत नाही. पाण्यात तराफ्यावर बसलेला माणूस तर एक-दोन किलोमीटरवरूनही दिसत नाही. त्यात वाऱ्यानं आणि प्रवाहानं जहाज दररोज पश्चिमेकडे सरकत होतं.

फ्लेचरनी मोनाहन नावाची विनाशिका शोधायला पाठवली. ८ मेला मोठी लढाई होणार हे माहीत असताना एक विनाशिका कमी करून पाठवली, ही लहान गोष्ट नाही. मोनाहन दिलेल्या जागी गेली. तिथे समुद्र होता. फक्त समुद्र.

त्याच ८ मेला लेक्सिंग्टन बुडाली, शोकाकूचं मोठं नुकसान झालं, आणि जपाननं पोर्ट मोर्सबीचा बेत तात्पुरता सोडला. जगाचं लक्ष तिकडे. निओशो अजून तरंगतच होतं.

चार दिवस

जहाजावर शंभराहून थोडे जास्त लोक होते. अनेक भाजलेले. डेक इतकं कललेलं की सरळ चालता येत नव्हतं. रोज कोणीतरी मरत होतं आणि त्याला समुद्रात सोडलं जात होतं. कल कमी करायला दुसऱ्या बाजूला पाणी भरण्याचे प्रयत्न झाले. बोटींची डागडुजी झाली. ऊन, खारं पाणी, तेलाचा वास, आणि प्रत्येक सकाळी तोच प्रश्न: आज बुडेल का?

शेवटी ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाचं एक विमान वरून गेलं आणि त्याला निओशो दिसलं. त्यानंतर ११ मेला हेन्ली ही अमेरिकी विनाशिका पोहोचली. तिनं १२३ माणसं उचलली, १०९ निओशोची आणि १४ सिम्सची. मग टॉर्पेडो आणि तोफगोळे मारून निओशोला बुडवलं. जे काम ३६ जपानी विमानांनी केलं नव्हतं ते आपल्याच माणसांना करावं लागलं.

हेन्लीला आता एक गोष्ट कळली जी आधी कोणालाच माहीत नव्हती: तराफ्यांवर अजून माणसं आहेत. ती शोधत राहिली. सापडलं नाही कोणी. नंतर हेल्म नावाच्या विनाशिकेला एकमेकांना बांधलेले तराफे दिसले. हल्ला होऊन आठवडा उलटून गेला होता. त्या तराफ्यांवर सुरुवातीला ६८ जण होते. हेल्मला जिवंत सापडले चार.

६८ पैकी चार. आणि ते ज्या जहाजावरून उतरले होते, ते चार दिवस पाण्यावर होतं.

मग यातून काय?

युद्धाच्या हिशेबात निओशोचं जाणं "उपयोगी" ठरलं असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. ७ मेच्या सकाळी जपानी विमानं दक्षिणेला टँकरमागे लागली नसती, तर यॉर्कटाउन आणि लेक्सिंग्टन त्यांना त्या दिवशीच सापडू शकल्या असत्या. सकाळ वाया गेली म्हणून चिडलेल्या जपान्यांनी संध्याकाळी खराब हवेत २७ विमानं पाठवली, त्यातली बरीच गमावली, आणि काही तर अंधारात यॉर्कटाउनलाच आपली नौका समजून उतरायला निघाली! उलट बाजूही आहे. तेलवाहू गेल्यामुळे फ्लेचरच्या ताफ्याला तेलाची चणचण पडली, आणि माघारीच्या विचारात तोही एक मुद्दा होता. तेल असेपर्यंत ज्याचं नाव कोणी घेत नाही, ते संपलं की पहिलं तेच आठवतं.

पण मला सतत आठवतात ते आकडे: १६ अंश २५ मिनिटं. कोणीतरी, थकलेला, कदाचित जखमी, हादरणाऱ्या टेबलावर नकाशा धरून ते लिहिलं. मला नाही वाटत मी त्याच्या जागी बरोबर लिहिलं असतं. म्हणूनच मला त्या माणसाचं नाव शोधावंसं वाटलं नाही. मला वाटलं ते असं की या चारही निरोपांत, वैमानिकाचा, सांकेतिक भाषेतला, कप्तानाचा आणि पत्त्याचा, निरोप ऐकणाऱ्यानं एकदा "परत सांगा" म्हणायला जागाच नव्हती. घाई होती, शत्रू ऐकेल ही भीती होती, आणि हुकूम म्हटला की प्रश्न नाही.

आपल्याकडे ती जागा बहुतेक वेळा असते. आपण ती वापरत नाही, कारण परत विचारलं तर आपल्याला कळलं नाही असं वाटेल. माझ्या त्या नवख्या सहकाऱ्यानंही म्हणूनच विचारलं नव्हतं. त्यानं मला हे सहा महिन्यांनी, चहा पिताना सांगितलं. तेव्हापासून कॉलवर कोणी "परत सांग" म्हणालं की मी चिडत नाही. निदान प्रयत्न करते.

तर ज्या श्रोत्यानं तेलाचा प्रश्न विचारला होता, त्यांचे आभार. तेल कोण देतं? निओशोसारखी जहाजं देतात. आणि त्यांच्यावर पीटरसनसारखी माणसं असतात, ज्यांचं पदक टपालानं येतं.

या भागाबद्दल काही चुकलं असेल, तर जरूर कळवा. विशेषतः आकडा चुकला असेल तर लगेच कळवा! भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या.